आई जागी आहे तोवर

संपादकांचं पत्र आलं. "तुम्ही उमेदीची वर्षं तसबिरी दाखवण्यात घालवलीत, तऱ्हेतऱ्हेची माणसं भेटली असतील. आमच्या दिवाळी अंकाच्या वाचकांना चार गमती सांगा." माणसं भेटली हे खरं आहे. त्यातली एकदोन सांगतोही. पण मी लिहायला बसलो तो वेगळ्या कारणासाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आष्ट्याजवळच्या एका गावातल्या बाईची झोप माझ्या एका वाक्यानं उडाली, आणि त्याचा दोष एका निरपराध माणसाच्या माथी बसला. तो मी बसू दिला. मी गेल्यावर हे सांगणारं कुणी उरणार नाही. म्हणून लिहितो.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं. सांगलीत एका हौशी सरदारांचा बंगला होता. त्यांचं नाव देत नाही, कारण यात त्यांचा काही दोष नव्हता. त्यांच्या वडिलांनी विलायतेच्या सफरीत जुन्या ख्रिस्ती चित्रांच्या नकला विकत घेतल्या होत्या. तिकडच्या चित्रकारांनी मूळ चित्रासमोर बसून हातानं रंगवलेल्या. बहुतेकांचा विषय एकच. मरीया, आणि तिच्या मांडीवर बाळ येशू. बाजाराच्या दिवशी बंगल्याचं उत्तरेकडचं दालन लोकांना खुलं असे. मी मूळचा साताऱ्याचा. चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या, इंग्रजी वाचता येत होतं, एवढ्यावर मला तिथं नेमलं. आठवडाभर चौकटी पुसायच्या, मागून वाळवी लागली का बघायची, आणि बाजाराच्या दिवशी वेताची छडी घेऊन लोकांना चित्रं समजावून सांगायची.

हळद विकून, गूळ विकून माणसं यायची. पायताणं दाराशी काढून, देवळात शिरल्यासारखी आत यायची. काही हात जोडायची, काही नुसती गार फरशीवर टेकायची. मिरजेच्या तालमीतला एक वस्ताद दर दोन महिन्यांनी यायचा आणि एकाच बाळासमोर उभा राहायचा. "मास्तर, ह्ये पोरगं खातंय तरी काय? मांडी बघा की. आमच्या पठ्ठ्यांस्नी शेर शेर दूध पाजतोय, पर असली मांडी न्हाई." एक म्हातारी दर खेपेला माझ्यावरच चिडायची. "आईला येवढा भारी शेला आन् पोराला साधं अंगडं न्हाई व्हय? थंडी वाजत आसंल त्येला. कुणी सांगत कसं न्हाई तिला?" बाळ उघडं का, हे मी तिला पुस्तकी भाषेत सांगायचो: देव खरोखर माणसाच्या देहानं आला, हे दाखवायला. ती म्हणायची, "देह आसला तर थंडी वाजतीयाच की." मग मी छडी पुढच्या चित्राकडं वळवायचो.

या चित्रांत कुठलीच वस्तू उगाच ठेवलेली नसते. निळा शेला म्हणजे आकाश. आतलं लाल वस्त्र म्हणजे पुढं सांडणारं रक्त. बाळाच्या मुठीत तांबड्या तोंडाचा, काटेरी झुडपांवर जगणारा चिमुकला पक्षी असला, तर पुढं त्या मुलाच्या कपाळात काटे रुतणार आहेत. बाळ मांडीवर आडवं झोपलेलं, हात खाली लोंबणारा, अशी रचना असली, तर मोठेपणी त्याचं प्रेत याच मांडीवर येणार आहे, याची ती आठवण. आणि सगळ्यात महत्त्वाचा उजेड. उजेड कुठून येतो ते सावलीवरून ओळखायचं. आईचं कपाळ उजळ आणि हनुवटीखाली सावली, तर उजेड वरून, आकाशातला. हनुवटी उजळ आणि कपाळ अंधारात, तर उजेड खालून, म्हणजे बाळाच्याच अंगातून निघतो आहे. अशा चित्रात दिवा नसतो, खिडकी नसते. मूलच दिवा.

हे मला निम्मं बंगल्यातल्या पुस्तकांनी शिकवलं आणि निम्मं याकोब मास्तरांनी. आष्ट्याजवळच्या त्या गावात मिशनची एक लहान शाळा होती, तिथं ते बायकोसह राहत. माझ्याहून वयानं दहा-बारा वर्षांनी मोठे. महिन्यातून एकदा सायकलनं सांगलीला येत आणि दालनात माझं बोलणं मागं उभं राहून ऐकत. लोक गेले की म्हणत, "छान सांगितलंत. फक्त चित्रातल्या लिलीच्या फुलाला निशिगंध म्हणू नका."

लढाई इटलीत पोचली आणि आमच्या भागातली घराघरांतली पोरं तिकडं गेली. तिथल्या गावांतल्या बायका शिपायांना बोटभर लांबीची छापील चित्रं द्यायच्या. मरीया आणि बाळ. पोरं ती पत्रात घालून घरी पाठवायची. पत्रात लिहिलेलं असायचं थोडं, त्यातलंही काही लष्करानं काळ्या शाईनं खोडलेलं. त्यामुळं घरची माणसं पत्रापेक्षा चित्राकडंच जास्त बघत बसायची. पोरानं हेच का पाठवलं? यात काय सांगितलंय?

तासगावकडचे एक आबा असं चित्र धोतराच्या सोग्यात बांधून माझ्याकडं घेऊन आले. बाळाच्या मुठीत पक्षी होता. मी छडी टेकवून, दालनात सांगायचो तसं सगळं सांगितलं. पक्षी, काटे, रक्त. आबांनी चित्र परत गुंडाळलं आणि गेले. दहाव्या दिवशी त्यांच्या घरी पोरगं लढाईत गेल्याची तार आली.

तो योगायोग होता. पण योगायोग आहे असं मी कुणालाही सांगितलं नाही. पुढच्या बाजाराला दालनाच्या दारात अकरा बायका चित्रं घेऊन बसल्या होत्या, आणि मी आत शिरताना त्यांनी उठून मला वाट दिली. आजवर कुणी माझ्यासाठी उठलं नव्हतं. त्या माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती भीतीची होती, हे मला कळत होतं. तरीही ती मला गोड लागली. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं.

सरदारांच्या कानावर गेलं. त्यांनी बोलावून सांगितलं, "माझ्या बंगल्यात भविष्य सांगणाऱ्या कुडमुड्या जोशाचा धंदा नको. पुन्हा कानावर आलं, तर दुसरी नोकरी बघा." याकोब मास्तर तर फार नाराज झाले. म्हणाले, "अहो, ज्यानं ते चित्र काढलं त्याला गोष्टीचा शेवट ठाऊक होता. तो मागं वळून बघत होता. त्या आबांच्या पोराचा शेवट तुम्हाला ठाऊक होता का? दारावर पाटी लावा, की हे शकुन नव्हेत." मी हो म्हणालो. पाटी लावली नाही. दालनात चित्रं बघणं बंद केलं आणि मागच्या व्हरांड्यात, गुपचूप, चालू ठेवलं.

मात्र त्यानंतर मला धास्ती बसली. प्रत्येक घडी उलगडताना वाटायचं, आत पक्षी असेल तर? मी सगळ्यांना "चांगलं आहे, सुखरूप आहे" म्हणू लागलो. पण बायका माझं बोलणं ऐकतच नव्हत्या. चित्रावर नजर पडल्यावर माझा चेहरा कसा होतो, तेवढंच त्या बघायच्या.

तानूबाई आली ती दिवस कलताना, बाजार उठायच्या वेळेला. चाळिशी ओलांडलेली, अंगानं उभी, हाताला उसाच्या पाचटाचे चरे. याकोब मास्तरांच्याच गावची. घरात ती आणि तिची सून सखू. मुलगा मारुती इटलीत. तिनं चोळीतून चित्र काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. स्वतःच धरून ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

काळोखी खोली. आई बसलेली, मान खाली. मांडीवर बाळ आडवं झोपलेलं, फिकट, आणि एक हात खाली लोंबलेला.

मी चेहरा सावरायच्या आत तिनं तो पाहिला.

"आवं मास्तर, खरं सांगा," ती म्हणाली. "पोरगं निजलंय का ग्येलंय?"

"निजलंय. निजलंय, बाई."

"मग तुमचं त्वांड का उतारलं?"

ती थरथरत नव्हती, रडत नव्हती. मीच घाबरलो होतो. काहीतरी चांगलं दाखवायला हवं होतं, आणि त्या चित्रात दुसरं काही नव्हतं, उजेड सोडून. मी म्हणालो, "उजेड बघा कुठनं येतोय. दिवा आहे? खिडकी आहे? नाही. हा उजेड आईच्या तोंडावरून पोरावर पडतोय. सगळं जग अंधारात आहे, पण आई जागी आहे. म्हणून पोर निर्धास्त झोपलंय. आई जागी आहे तोवर त्याला काही होत नाही."

"जागी हाय तवर?"

"तोवर."

तिनं पदर डोळ्याला लावला आणि हसली. मला फार बरं वाटलं. वाक्यही छान जमलं होतं. नोकरीची आठवण होऊन मी एवढंच पुढं म्हणालो, "मी सांगितलं हे कुणाला बोलू नका." ती म्हणाली, "मरस्तवर न्हाई." तो शब्द तिनं पाळला.

पावणेदोन महिन्यांनी याकोब मास्तर आले. सायकल व्हरांड्याला टेकवून सरळ माझ्यासमोर उभे राहिले.

"तानूबाईला काय सांगितलंत?"

"कोण तानूबाई?"

"ती झोपत नाही. सून शाळेत येऊन रडली. बाई उपड्या उखळावर बसते, डुलकी आली की तोल जाऊन पडते, म्हणून. डोळ्याला मिरचीचा हात लावते. कधी डोळा लागलाच तर किंचाळत उठते, 'मारलं गं मी त्येला!' का, विचारलं तर म्हणते, तसबिरीत तसं हाय. ती तसबीर मी बघितली. हनुवटी उजळ आहे, कपाळ अंधारात आहे. उजेड खालून वर जातोय. मुलाचा उजेड आईवर पडतोय, हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. उलटं कुणी सांगितलं तिला?"

मी त्यांना आत नेऊन दार लावलं. मग सगळं सांगितलं.

"चला," ते म्हणाले. "आत्ता. सायकलवर डबलसीट नेतो. तुम्हीच सांगा तिला, मी चुकलो, झोप म्हणून."

"आणि ती झोपली, आणि दुसऱ्या दिवशी तार आली तर?"

"तर ते ओझं तुमच्यावर येईल. आज तिच्यावर आहे."

मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात येतो. त्यांना वाटलं मी नोकरीला भितो. नोकरीला भीत होतोच. पण खरी गोष्ट त्याहून वाईट होती. आबांच्या तारेपासून माझ्याही मनात कुठंतरी शंका शिरली होती. समजा, माझ्या तोंडून निघालेलं खरंच होत असेल तर? ती बाई जागी आहे आणि मारुती जिवंत आहे. ही गाठ मी माझ्या हातानं सोडू? मी माझ्याच थापेला भ्यायलो होतो. पुढच्या आठवड्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिच्या घरी मारुतीचं पत्र आलं. खुशाल होता. याकोब मास्तर म्हणाले, "आता तर तिची खात्रीच पटली."

शेवटी तेच गेले. एकदा नव्हे, चार-पाच वेळा. चित्र हातात धरून ओट्यावर बसले आणि सांगत राहिले की बाई, यात तसं काही नाही, झोपा. पाचव्या खेपेला तिनं त्यांच्या अंगावर राख फेकली आणि आळी गोळा केली. "ह्यो माझ्या पोराला माराया आलाय! मला झोप म्हंतोय!" गावानं एवढंच पाहिलं: किरिस्ताव मास्तर, हातात किरिस्ताव तसबीर, आणि ओरडणारी तानूबाई.

लढाई संपली. मारुती परत आला तो सगळ्यांत उशिरा आलेल्यांतला. आल्यावर आठ दिवसांनी तो बंगल्यात आला. खाकी सदरा, पायांत लष्करी बूट, आणि ते त्यानं दाराशी काढले नाहीत. दालनात कुणी नव्हतं. त्यानं ते चित्र माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. घामानं आणि हाताळून त्यातला आईचा चेहरा जवळजवळ पुसला होता.

"तुमी जाणकार हाय म्हंत्यात," तो म्हणाला. "ह्यात काय लिवलंय, वाचून दावा."

"तुम्ही कोण?"

"तानूबाईचा मारुती. दारात हुबा ऱ्हायलो आन् म्हनलं, आई, मी आलो. तिनं तोंडावर बोट ठिवलं. म्हनली, 'हळू बोल रं गड्या, माझं पोरगं निजलंय.' माझ्याकडं बघून. माझ्याकडं बघून म्हनली." त्याचे हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले होते. ते हात मला अजून दिसतात. "याकोब मास्तरानं तिच्या डोसक्यात भरवलं, आसं गाव म्हंतंय. तुमच्याकडं येत हुता म्हनं त्यो. खरं काय त्ये तुमी सांगा. तुमी सांगाल त्ये मी मानतो."

मला एक शब्द बोलायचा होता. 'मी.' मी त्या हातांकडं बघितलं आणि म्हणालो, "याकोबराव सांगत असतात लोकांना असं काहीबाही. मी तर नुसत्या चौकटी पुसतो."

त्यानं मान हलवली, चित्र उचललं आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. "लय उपकार झालं, मास्तर."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ऐकलं. शाळेत पोरं येईनाशी झाली. छपराची कौलं एका दुपारी उतरवली गेली. याकोब मास्तरांना चावडीवर बसवून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी सांगितलं नाही." मग कुणी सांगितलं, यावर ते बोलले नाहीत. मारुतीनं त्यांच्यावर हात टाकला असं काही म्हणतात, काही नाही म्हणतात. त्यांनी माझं नाव घेतलं असतं तर मला नोकरी, गाव, सगळं सोडावं लागलं असतं. त्यांनी ते का घेतलं नाही, हे मला आजही समजलेलं नाही. आणि ते विचारायची संधी मी दवडली. गाव सोडताना बायकोसह सांगलीच्या स्टेशनाकडं जाता जाता ते बंगल्याच्या फाटकाशी थांबले होते. मी वरच्या खिडकीतून त्यांना पाहिलं आणि माळ्याला सांगून पाठवलं की मास्तर साताऱ्याला गेलेत. ते थोडा वेळ उभे राहिले. मग गेले. पुढं ते कुठं गेले ते मला माहीत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी तानूबाईच्या गावी गेलो. मारुती आणि सखू मळ्यात होती. बाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. डोळे आत गेलेले, लाल. केस पांढरे. पुढ्यात मोकळी गोधडी अंथरलेली, आणि तिच्यावर मधूनमधून हात फिरवत होती.

मी समोर बसलो आणि एका दमात म्हणालो, "बाई, मी सांगलीचा मास्तर. त्या दिवशी मी खोटं सांगितलं. चित्रात तसं नाही. मारुती सुखरूप आहे, इथंच आहे. तुम्ही झोपा."

तिनं माझ्याकडं खूप वेळ बघितलं. ओळखलं की नाही, कुणास ठाऊक. मग हलक्या आवाजात म्हणाली, "तुमी बसता जागं? मग मी जरा पडते."

"बसतो," मी म्हणालो.

"डोळा लागू देऊ नगासा."

ती गोधडीच्या कडेला आडवी झाली आणि बघता बघता झोपली. तोंड उघडं पडलं, श्वास संथ झाला. मी बसून राहिलो. तिच्या तोंडावरच्या माशा हाकलल्या. ऊन अंगणातून गोठ्याकडं सरकलं. एवढ्या वर्षांत कुणी तिला असं झोपलेलं पाहिलं नव्हतं, आणि मी तिथं बसलो होतो म्हणून ती झोपली होती. माझ्या आयुष्यात मी केलेलं एवढंच एक काम मला बरं वाटतं. दोन तास झाले असतील. मग बांधावरून मारुती येताना दिसला, खांद्यावर कुदळ, मागं सखू.

तो विचारणार होता, मास्तर, तुमी हितं कसं? आणि मला सांगावं लागणार होतं.

मी उठलो. मागच्या दारानं परड्यात उतरलो आणि कुंपणातून वाट काढून ओढ्याकडं चालू लागलो. मी उठल्याची चाहूल तिला लागली असावी; मागून तिची किंकाळी ऐकू आली. मी वळलो नाही, पाय उचलले.

ती पुढं चार वर्षं जगली, असं आष्ट्याच्या एका गृहस्थाकडून कळलं. मारुती असेल तर आता साठीच्या पुढं गेला असेल. त्याच्या घरी हा अंक जाईल का, ठाऊक नाही. कुणी वाचला तर त्याला एवढं वाचून दाखवावं. याकोब मास्तरांनी तुझ्या आईला झोप म्हणून सांगितलं होतं. जागी राहा म्हणून मी सांगितलं. आणि त्या उन्हाळ्यात एका दुपारी ती दोन तास झोपली होती, तिला उठवलं तेही मीच.